पोटासाठी काढलेली चित्रे

गेल्या हिवाळ्यात आमच्या येथील मराठी मंडळात चित्रकलेवर एक व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते, वाणी ओघवती होती आणि विषयाची मांडणी व्यवस्थित होती. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. कारण ते जे बोलले ते त्यांच्या एकट्याचे मत नव्हे. मराठी चित्रकारांची नामावळी सांगता सांगता ते महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यापाशी आले, किंचित थांबले आणि म्हणाले, “धुरंधरांचा हात तयार होता यात शंका नाही. परंतु त्यांना चित्रकार म्हणावयाचे, की मागणीप्रमाणे चित्रे काढून देणारे गृहस्थ म्हणावयाचे, हा प्रश्न आहे.” सभागृहात समजूतदार हसू पसरले. नंतर चहाच्या वेळी आमच्यांतील एक वडीलधारे अधिकारी मला म्हणाले, “खरे आहे हो त्यांचे. माणूस एकदा पगाराला लागला की संपला. आपलेच पाहा ना!”

या दोन बोलण्यांपैकी पहिल्याचा मला राग आला आणि दुसऱ्याची भीती वाटली. हा लेख त्या दोहोंना उत्तर म्हणून लिहीत आहे.

मी कलासमीक्षक नाही. एका केंद्रीय मंत्रालयात लिपिक आहे. पदवी इतिहासाची आहे, पण तिच्यावरही आता बरीच धूळ बसली आहे. तरी संकोच वाटत नाही. धुरंधरांची चित्रे पोस्टकार्डांवरून, मासिकांच्या पानांवरून आणि गोष्टींच्या पुस्तकांतून ज्यांच्या हाती पडली तेही समीक्षक नव्हते. त्यांच्या वतीने चार शब्द बोलावयास एखादा लिपिक चालण्यासारखा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला ज्यांनी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेतल्या ते जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तेथे प्राचार्य होते. १८९५ साली धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८९६ मध्ये त्याच शाळेत ते शिक्षक झाले. पुढची सारी हयात त्यांनी तेथे काढली. १९२७ साली ‘रावबहादूर’ झाले. १९३० साली काही काळ शाळेच्या संचालकपदाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. परंतु बसले ते प्रभारी म्हणून. ‘प्रभारी’ या शब्दात किती वर्षांचे वाट पाहणे आणि किती दिवसांचे समाधान मावते, हे या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९४० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’, आणि नावाखाली तारखा दिल्या आहेत: ८ जानेवारी १८९० ते ३१ जानेवारी १९३१. सरकारी नोकराला ही ओळ परकी वाटणार नाही. रुजू झाल्याचा दिवस आणि कार्यमुक्त झाल्याचा दिवस! आपल्या आयुष्याची कहाणी सांगावयास बसलेला कलावंत आरंभी जन्मतारीख सांगतो, एखाद्या साक्षात्काराचा क्षण सांगतो. या माणसाने सेवापुस्तकातील नोंद सांगितली. आमच्या वक्त्यांना यात कदाचित त्यांच्या मताचा पुरावा दिसेल. मला यात एक ताठ कणा दिसतो. शाळेला त्यांनी ‘मंदिर’ म्हटले आणि मंदिरातील हजेरी तारीखवार मांडली. दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते, हा आपल्या काळाचा दोष आहे.

आता आरोप पाहू. पहिला आरोप मागणीचा. धुरंधरांनी पुस्तकांसाठी चित्रे काढली, पोस्टकार्डांसाठी काढली, जाहिरातींसाठी काढली. मुंबईहून निघणाऱ्या ‘वीसमी सदी’ या गुजराती मासिकासाठी काढली. रविवर्मा छापखान्यातून निघणाऱ्या रंगीत छापील चित्रांसाठीही काढली. ज्याने मागितले त्याला दिले आणि मोबदला घेतला. म्हणून ही कला शुद्ध नव्हे, असे म्हणतात.

‘शुद्ध’ हा शब्द मला नेहमी तुपाच्या डब्यावर वाचलेला आठवतो; तेथे तो भेसळीचा संशय दूर करण्यासाठी घातलेला असतो. चित्राच्या बाबतीत भेसळ ती कोणती? पैशाची? मग आधी अजिंठ्याला जाऊ. तेथील सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे त्याच लेण्यातील शिलालेखावरून कळते. म्हणजे मागणी होती, मागणी करणारा होता आणि तो एक अधिकारीच होता. भिंतीवर काय रंगवावयाचे हे रंगविणाऱ्याने आपल्या लहरीने ठरविले नाही. बुद्धकथेने आणि दात्याने ठरविले. मोगल चित्रशाळांतील चितारी तनख्यावर होते. पहाडी दरबारांतील चितारी राजाश्रयावर जगत होते. युरोपात ज्यांच्या नावाने आपण आदराने मान लववतो त्यांनी चर्चच्या छतावर जे रंगविले ते करारनामे करून रंगविले. मागणीवाचून, केवळ आत्माविष्कारासाठी चित्र काढावे आणि मग गिऱ्हाईक शोधावे, ही रीत गेल्या दीडदोनशे वर्षांतील. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिच्या मापाने आधीच्या सगळ्यांना मोजावयाचे नाही आणि धुरंधरांना तेवढे मोजावयाचे, हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल की अजिंठ्याची मागणी धर्माची होती आणि धुरंधरांची बाजाराची. मान्य. पण मग आक्षेप मागणीला राहिला नाही, मागणाऱ्याच्या प्रतिष्ठेला राहिला. मंत्र्याने मागितले तर कला, दुकानदाराने मागितले तर धंदा! हा सौंदर्यविचार नव्हे. ही वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड आहे, आणि ती आपण कार्यालयातून घरी आणलेली आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गोष्टीला चित्र जोडणे हे दुय्यम काम, कारण कल्पना लेखकाची आणि चित्रकार तिचा अनुवादक, असे गृहीत धरले जाते. ज्याने हे काम जवळून पाहिलेले नाही तोच असे म्हणू शकेल. १९१४ साली मॅकमिलन कंपनीने ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे पुस्तक काढले. लेखक सी. ए. किंकेड हे सनदी अधिकारी. पुस्तक इंग्रजी असले तरी आतल्या गोष्टी आपल्याच होत्या: आदितवारची कहाणी, सोमवारची कहाणी, नागोबाची कहाणी. श्रावणात आजीने हातात अक्षता देऊन सांगावयाच्या त्या ह्या कहाण्या. त्यांची चित्रे काढावयास धुरंधरांना सांगण्यात आले.

आता कहाणी कशी असते ते आठवा. “आटपाट नगर होते, तिथे एक गरीब ब्राह्मण होता.” बस्स! कहाणीला एवढे पुरते. ब्राह्मण उंच की ठेंगणा, त्याचे धोतर कितव्या ठिकाणी शिवलेले, अंगणात तुळशीवृंदावन दगडी की मातीचे, दिवस वर आला की कलला, बायको उंबऱ्याच्या आत उभी की बाहेर — कहाणी यांतले काहीही सांगत नाही आणि सांगण्याचे तिला कारणही नाही. लेखकाला गाळण्याची मुभा आहे, ती चित्रकाराला नाही. त्याने ब्राह्मण काढला की त्याला पाय काढावे लागतात, पायाखाली जमीन काढावी लागते आणि जमिनीवर सावली पाडावी लागते. शब्दांनी जे मोकळे सोडले ते सगळे त्याला ठरवावे लागते, आणि असे ठरवावे लागते की ती कहाणी जन्मभर ऐकलेल्या बाईने चित्र पाहून “हो, असेच” म्हणावे. याला अनुवाद म्हणत असाल तर म्हणा. पण मूळ ग्रंथ लेखकाच्या पानावर नव्हता, तो चित्रकाराच्या डोळ्यांत होता.

हे डोळे धुरंधरांना कोणी दिले? बव्हंशी त्यांनी ते स्वतः घडविले. त्यांची रेखाटने पाहावीत. पत्नी गंगूबाई यांची त्यांनी घरातल्या घरात कितीतरी रेखाटने केली. माणूस एकच, घर एकच, आणि बसण्या-उठण्याच्या तऱ्हा न संपणाऱ्या. त्यांना मागणी कोणाची नव्हती. शाळेतून परतल्यावर, दिवसभर पोरांचे हात सुधारून दमल्यानंतर, हा माणूस पुन्हा पेन्सिल घेऊन बसत होता. नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणला जातो आणि बसताना कसा सैल पडतो, पदर डोक्यावरून घेतला की मान किती वळते, हे त्यांच्या चित्रांत जे अचूक येते ते अशा बैठकींचे फळ आहे. मागणी आली तेव्हा हात तयार होता, असे आमचे वक्ते म्हणाले. हात तयार असतो म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

१९१२ साली एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी धुरंधरांनी चित्रे काढली. एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते. १९२० साली ओटो रॉथफेल्ड या आणखी एका सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे काढली. नायर स्त्री, खोजा स्त्री, निलगिरीतील तोडा स्त्री अशा नाना प्रांतांच्या आणि जातींच्या स्त्रिया त्यांत आहेत. हे पुस्तक आज संगणकाच्या पडद्यावर कोणालाही पाहता येते. मीही तसेच पाहिले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती लपवून धुरंधरांची बाजू भक्कम होणार नाही. त्या पुस्तकाची दृष्टी राज्यकर्त्याची आहे. बायकांचे जातवार, प्रांतवार नमुने मांडावेत आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी डकवावी, ही जनगणनेची रीत आहे, आणि धुरंधरांनी त्या चौकटीत चित्रे भरून दिली. आज ती पाहताना मला अवघडल्यासारखे होते. काही चित्रांत चेहरा एकच आणि लुगडे तेवढे बदललेले, असेही वाटते. त्यांच्या ऐतिहासिक चित्रांत पुष्कळदा नाटकाचा रंगमंच दिसतो. पात्रे आपापल्या जागा घेऊन उभी असतात आणि पडदा वर जाण्याची वाट पाहतात. इतके काम करणाऱ्याच्या हातून सरावाचे काम व्हावे हे साहजिक आहे, आणि जे सरावाचे आहे ते तसे म्हणावयास माझी ना नाही.

माझे म्हणणे एवढेच की हे दोष चित्रागणिक दाखवा. हे चित्र फसले आणि ते साधले, या रेषेत जीव आहे आणि त्या रेषेत नाही, असे बोला. त्याला टीका म्हणता येईल. “मागणीप्रमाणे चित्रे काढून देणारे” या एका वाक्याने सबंध माणूस निकालात काढणे म्हणजे फाईल न वाचता शेरा मारणे होय. असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याविषयी आपण आपापसांत काय बोलतो, ते मी येथे लिहीत नाही.

दुसरा आरोप सरकारी चाकरीचा. परक्या सरकारची शाळा, परक्या सरकारचा पगार आणि वर रावबहादुरी! हा आरोप मोठ्या आवाजात करणे सोपे आहे. परंतु तो करणाऱ्याने दिल्लीत बसून करू नये. का, ते सांगतो.

नवी दिल्ली उभी राहत असताना, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सचिवालयाच्या दालनांत चित्रे रंगविण्याचे काम भारतीय चित्रकारांकडे देण्यात आले. मुंबईच्या कलाशाळेकडे त्यातला मोठा वाटा आला. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या देखरेखीखाली शाळेच्या मंडळींनी नॉर्थ ब्लॉकमधील एक समितीकक्ष रंगविला. कायदा-सदस्यांच्या दालनासाठी हिंदू आणि मुसलमानी न्यायव्यवहारातील प्रसंग रंगविण्याचे काम धुरंधरांनी केले. तेव्हा ते साठीत होते. ३१ जानेवारी १९३१ रोजी ते सेवानिवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात नव्या राजधानीचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले.

मी त्याच रायसीना टेकडीवर साडेतीन वर्षे नोकरी केली. सकाळी दगडी जिना चढत होतो, संध्याकाळी उतरत होतो. एका मराठी शिक्षकाने आणि त्याच्या शाळेने या इमारतींच्या भिंतींना हात लावला आहे, हे मला त्या साडेतीन वर्षांत कोणी सांगितले नाही. ज्या मराठी अधिकाऱ्यांच्या हाताखाली मी काम केले त्यांनाही ते ठाऊक नसावे. असते तर जेवणाच्या सुट्टीत पानिपतापासून अटकेपर्यंतच्या गोष्टी निघत त्यांत ही एखादी निघाली असती. दिल्लीवर मराठ्यांनी काय केले याचा आपल्याला मोठा अभिमान. पण तो तलवारीपाशी थांबतो. कुंचला घेऊन आलेल्या मराठी माणसाची आपल्याला दाद नाही, कारण तो पगारावर आला होता.

आणि पगारावर कोण आलेले नाही? त्या इमारती साम्राज्यासाठी बांधल्या गेल्या, हे खरे. १९४७ नंतर त्याच इमारतींत प्रजासत्ताकाचा कारभार चालला आणि आपल्यातील कितीकांनी तेथे निष्ठेने जन्म घालविला, हेही खरे. मालक बदलला, इमारत राहिली, आणि इमारतीत झालेले चांगले काम चांगलेच राहिले. धुरंधरांनी परक्या सरकारचा पगार घेतला आणि त्या पगारात मराठी, गुजराती, कानडी पोरांच्या पिढ्या चित्रकलेत तयार केल्या. त्यांच्या हाताखालून जे बाहेर पडले ते हिंदी चित्रकार होते, इंग्रज नव्हते.

तिसरा आरोप शैलीचा. तो जुना आहे आणि बंगालातून आला. कलकत्त्याला हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी स्वदेशी चित्रपद्धतीचा पुरस्कार केला. मोगल, राजपूत आणि अजिंठ्याच्या परंपरेकडे वळा असे सांगितले. त्या चळवळीचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्या कैफात मुंबईची तैलचित्रे, छायाप्रकाश आणि शरीररचनेचा अभ्यास हे सारे ‘विलायती’ ठरले. आता पाहा: ज्याला विलायती म्हटले त्याने काय रंगविले? कोळीण, मोलकरीण, लग्नातली वरात, रस्त्यावरचा फेरीवाला, कहाण्यांतला नागोबा, शिवछत्रपतींचा राज्याभिषेक. पद्धत बाहेरून आली, डोळा येथलाच राहिला. आपल्या भाषेत कादंबरी हा प्रकार बाहेरून आला म्हणून हरिभाऊ आपट्यांना कोणी विलायती म्हटले नाही. चित्रकारालाच तेवढी वेगळी शिक्षा का?

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. लिहिताना अवघड वाटते, पण ते टाळले तर हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मीही कोल्हापूरचा. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. आमच्या गावात या लोकांना ‘पेंटर’ म्हणतात आणि तो शब्द आडनावासारखा नावाला चिकटतो. पाट्यांबरोबर त्यांनी सिनेमाचे फलक रंगविले, ट्रकच्या मागे मोर काढले, गणपतीत देखाव्यांचे पडदे केले, शाळांच्या भिंतींवर शिवाजी महाराज काढले. अक्षराला सावली द्यावयाची तर उजेड डावीकडून आहे असे धरून द्यावयाची आणि पाटीवरच्या सगळ्या अक्षरांना तीच द्यावयाची, हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकविले. पुढे फ्लेक्सचे छापील फलक आले आणि दोनचार वर्षांत त्यांचा धंदा बसला. कुंचले रॉकेलात धुऊन त्यांनी एका डब्यात उभे करून ठेवले. ते अजून तसेच आहेत.

दिल्लीला आल्यावर पहिल्याच वर्षी मंडळाच्या कोजागिरीला एका मोठ्या अधिकाऱ्यांच्या पत्नीने मला विचारले, “तुमचे वडील काय करतात?” मी म्हणालो, “कलाशिक्षक होते.” कोणी खोलात विचारले नाही. मला कोणी खोटे बोलावयास भाग पाडले नव्हते. ‘पेंटर’ या शब्दाला त्या दिवाणखान्यात जागा नाही, हे मी स्वतःच ठरविले होते. म्हणून आमच्या वक्त्यांवर मी रागावलो तेव्हा तो राग निम्मा माझ्यावरच होता. त्यांनी धुरंधरांविषयी जे व्यासपीठावरून म्हटले, ते मी कोजागिरीच्या चांदण्यात दुधाचा पेला हातात धरून आपल्या बापाविषयी म्हटले होते.

या वृत्तीचे परिणाम केवळ मनात राहत नाहीत. गेल्या वर्षी एका मंडळाच्या ग्रंथालयाने जागेच्या अडचणीमुळे जुने दिवाळी अंक रद्दीत काढले. कादंबऱ्या ठेवल्या, चरित्रे ठेवली, बांधीव पुस्तके सगळी ठेवली. अंक गेले, कारण “त्यांत काय, वरची चित्रेच ना!” त्या चित्रांत दीनानाथ दलालांची होती, रघुवीर मुळगावकरांची होती. परप्रांतात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी नऊवारी नेसलेली बाई, सनईवाला आणि तुळशीचे लग्न प्रथम पाहिले ते अशा मुखपृष्ठांवर. किलोच्या भावाने ते सारे गेले. हा निर्णय घेणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी फक्त आपल्या व्याख्यात्यांचे ऐकले होते.

धुरंधरांच्या बाबतीत दैव थोडे बरे. त्यांची कन्या अंबिका (१९१२–२००९) स्वतः चित्रकार होत्या आणि वडिलांचा ठेवा त्यांनी जन्मभर जपला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमविलेल्या संग्रहात धुरंधरांची चित्रे राहिली. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. म्हणजे ज्यांना पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी दार उघडे आहे. आत न जाता दाराबाहेर व्याख्यान देणाऱ्यांसाठी मात्र कोणतेही प्रदर्शन पुरेसे होत नाही.

आता पुन्हा त्या वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांकडे येतो. “माणूस पगाराला लागला की संपला,” असे ते म्हणाले. साहेब, धुरंधर पगाराला लागले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. वर उल्लेखिलेले प्रत्येक पुस्तक, सचिवालयातील प्रत्येक चित्र, गंगूबाईंचे प्रत्येक रेखाटन त्यानंतरचे आहे. नोकरीने माणूस संपतो ही समजूत आपल्याला सोयीची आहे. कथा लिहावयाची राहिली, सतार शिकावयाची राहिली, मोडी वाचावयाची राहिली, दोष नोकरीचा! धुरंधरांचे आयुष्य ही सोय काढून घेते. म्हणून तर आपल्याला त्यांना चित्रकार म्हणणे जड जाते. ते चित्रकार ठरले तर आपल्याला सबब उरत नाही.

शेवटी दोन गोष्टी सुचवितो. नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय करण्याची योजना २०२३ साली जाहीर झाली आहे. दिल्लीतील मराठी मंडळांनी एकत्र येऊन संबंधितांकडे रीतसर अर्ज करावा की त्या इमारतींतील चित्रे रंगविणाऱ्यांची नावे, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांचीही, चित्रांजवळ ठळक लावावीत. अर्ज कसा लिहावयाचा हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मसुदा मी करून देतो. सह्या आपण कराव्यात. वराहदेवाचे नाव अजिंठ्याला राहिले आणि चिताऱ्यांचे गेले, तसे पुन्हा होऊ नये.

दुसरी गोष्ट घरातली. आपापल्या मंडळाच्या कपाटांतील जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत आणि मुखपृष्ठावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही असते ती वाचावी. ग्रंथालयाच्या नोंदवहीत लेखकाच्या नावाखाली चित्रकाराचे नाव लिहिण्यास एक ओळ पुरते.

माझ्यापुरते मी एवढे केले आहे. या वर्षी कोजागिरीला कोणी विचारलेच, तर मी सांगणार आहे: माझे वडील पेंटर होते, कोल्हापूरला पाट्या रंगवीत असत, आणि चांगल्या रंगवीत असत.